चार मागे, एक पुढे

धर्मेशने गाडी घेतली त्याचं महेंद्र गायकरला काहीही वाटलं नव्हतं. हे त्याने पहिल्या आठवड्यातच निदान चाळीस लोकांना, कुणी विचारलेलं नसताना, सांगितलं होतं.

धर्मेश म्हणजे महेंद्रचा चुलतभाऊ, दोन वर्षांनी धाकटा. बदलापूरकडची जमीन विकून त्याने गाडी घेतली ती पांढरीशुभ्र, आणि इतकी उंच की चढताना त्याच्या आईला खाली पाट ठेवावा लागे. बटण दाबलं की तिचं छप्पर उघडायचं. महेंद्र अंबरनाथच्या एका रंगाच्या कंपनीत स्टोअरकीपर होता आणि त्याच्याकडे स्कूटर होती. स्कूटरला छप्परच नसतं, तेव्हा ते उघडण्यात काय मोठं, असा मुद्दा त्याने एकदा बायकोपुढे मांडलाही होता. अंजनी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "हो ना." महेंद्रला तिचं 'हो ना' फारसं आवडलं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. जगात पुष्कळ लोकांकडे पुष्कळ गाड्या असतात आणि माणूस मन मोठं करून जगतो. पण मग वांगणीहून काशीचा फोन आला.

काशी ही महेंद्रची सख्खी धाकटी बहीण. तिच्या अल्पेशचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं. आता गायकरांकडे एक जुनी चाल आहे. भाच्याचं लग्न असलं की नवरदेव घराच्या पायरीवरून मांडवापर्यंत मामाच्या गाडीतून जातो. पणजोबांनी छकडा जुंपला होता, आजोबांनी टांगा आणला होता. एका मामाने तर गवताचा टेम्पो आणला आणि लग्न लागेपर्यंत नवरदेवाच्या फेट्यातून काड्या वेचाव्या लागल्या. पण गाडी मामाची होती, त्यामुळे कुणी नाव ठेवलं नाही. ज्या मामाची गाडी, तो मोठा मामा. पुढे बारशापासून वास्तुशांतीपर्यंत प्रत्येक पाटावर तोच पहिला बसतो. अल्पेशला मामा दोन. महेंद्र सख्खा, धर्मेश चुलत.

"दादूस, रागावू नको," काशी म्हणाली. "धर्मेशदादूस बोलला, माजी गारी हाय ना. टपातून अल्पेश उभा ऱ्हाऊन हात करील सगल्यांना. मी आजून हाव नाय बोल्ले. पन तुजी ती स्कूटर... तिच्यावर करवल्यांना आनशील?"

मामाने करवल्या आणायच्या! स्कूटरवरून! महेंद्रच्या कानशिलात ऊन ऊन वाटू लागलं.

"काशे, नवरदेव माझ्याच गाडीतून जाणार."

"स्कूटरवर?"

"माझ्या गाडीतून!" असं म्हणून त्याने फोन ठेवला. पुढे काय बोलायचं ते सुचलं नव्हतं, हे त्याचं खरं कारण.

तशी त्याच्याकडे गाडी होती. सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात, निळ्या ताडपत्रीखाली, अकरा वर्षं. महेंद्रचे वडील बदलापूरला एका पारशी साहेबाकडे ड्रायव्हर होते. साहेब बंगला विकून गेला तेव्हा त्याने वडिलांच्या हातात किल्ली ठेवली. लाल रंगाची, दोन सीटांची, कापडी टपाची विलायती स्पोर्ट्स कार. तिच्या नाकावरचा कंपनीचा बिल्ला कधीच गळून पडला होता आणि नोंदणीचं नवीन पुस्तक निघालं तेव्हा कॉम्प्युटरच्या यादीत तिची कंपनी सापडली नाही, म्हणून 'उत्पादक' या रकान्यात 'इतर' असं छापून आलं होतं.

ताडपत्री काढल्याबरोबर अख्खी बिल्डिंग खाली उतरली. तळमजल्यावरच्या पेडणेकरांचा भाचा इंग्लंडात असल्यामुळे इंग्रजी गाड्यांवर त्यांचा वारसाहक्क होता. "गिअरबॉक्स," ते म्हणाले. "या गाड्यांचा गिअरबॉक्स नाजूक. दुसरं काही नाही." त्यांनी बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले आणि नाडी लागत नसल्यासारखी मान हलवली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आतल्या मांजराची आणि पिल्लांची आधी सोय लावायला सांगितली. एका गृहस्थाने गाडी न हलवता तिच्याभोवती बाग करावी अशी सूचना केली. ती बहुमताने मंजूर होण्याच्या बेतात होती.

सेक्रेटरी उपासनी मात्र वेगळीच अडचण घेऊन आले. अकरा वर्षं 'सदर भंगार त्वरित हलवावे' अशा नोटिसा तेच महेंद्रला पाठवत आले होते. आता महेंद्र ती हलवायला निघाला, तर ते आडवे झाले.

"गायकर, प्रकरण समितीपुढे प्रलंबित आहे. निर्णय होईपर्यंत वस्तू जागची हलवता येणार नाही."

"पण हलवा असंच तुम्ही म्हणताय ना?"

"ते म्हणणं आहे. तो निर्णय नाही."

शेवटी महेंद्रने स्वतःच्या गाडीविरुद्ध स्वतःच तक्रारअर्ज दिला, समितीने तो एकमताने मान्य केला, आणि गाडी सन्मानाने फाटकाबाहेर ढकलली गेली. ढकलणाऱ्यांत उपासनीही होते. माणूस वाईट नव्हता.

गाडी गेली बदलापूर–बारवी रस्त्यावर, साईनाथच्या गॅरेजला. साईनाथ बारवीकडच्या एका वाडीवरचा. जांभळाच्या झाडाखाली पत्र्याची शेड, आणि टेम्पोपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं तो हातानेच ओळखायचा. इंजिन त्याने चार दिवसांत बोलतं केलं. मग स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक गिअरबॉक्सला आणि दुसरं कानाला लावून तो बराच वेळ ऐकत बसला.

"सायेब," तो म्हणाला, "हिच्या पोटात दातंच नाय ऱ्हायलं."

पेडणेकर बरोबर निघाले. महेंद्रला या गोष्टीचा फार त्रास झाला.

नवीन गिअरबॉक्स इंग्लंडहून यायचा तर तीन महिने. पेडणेकरांच्या भाच्याने फोनवर तसं सांगितलं आणि वर "अंकल, दॅट्स अ ब्यूटिफुल कार" असंही म्हणाला. लग्नाला साडेतीन आठवडे उरले होते. अशा वेळी या पट्ट्यातला माणूस जे करतो तेच महेंद्रने केलं. तो उल्हासनगरला गेला.

उल्हासनगरात एखादी वस्तू मिळत नाही असं होत नाही. नसेल तर संध्याकाळपर्यंत बनवून देतात. कॅम्प एकमध्ये टेकचंदशेठच्या दुकानात छतापर्यंत गिअरबॉक्स रचलेले होते आणि त्यांच्या मधोमध शेठ पापड खात बसले होते.

"आओ साईं. गाडी कौनसी?"

"इंग्लिश. स्पोर्ट्स."

"कंपनी?"

महेंद्रने पुस्तक पुढे केलं. शेठने चष्मा लावून वाचलं.

"इतर," शेठ गंभीरपणे म्हणाले. "इतर का माल मिलना थोड़ा मुश्किल है." मग त्यांनी ढिगातून एका जुन्या व्हॅनचा गिअरबॉक्स ओढून काढला, त्यावर थाप मारली आणि म्हणाले, "ये लगाओ. चार आगे, एक पीछे. मक्खन."

"बसेल का पण?"

"साईं, बैठता कुछ नहीं है. बिठाना पड़ता है."

हे वाक्य महेंद्रला इतकं पटलं की पुढचा प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

गिअरबॉक्स चादरीत गुंडाळून तो शेअर रिक्षात बसला. मांडीवर ते धूड, शेजारी एक म्हातारी. तिने बराच वेळ गाठोड्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "देव हाय का?" खरं सांगायचं तर 'व्हॅनचा जुना गिअरबॉक्स' असं सांगावं लागलं असतं, आणि त्या दिवशी महेंद्रचा स्वाभिमान आधीच दुखावलेला होता. तो "हो" म्हणाला. म्हातारीने गाठोड्याला हात लावून कपाळाला लावला. कपाळावर काळं ऑइल उमटलं. "तेल वाहिलंय वाटतं," ती समाधानाने म्हणाली आणि अंबरनाथला उतरून गेली.

बदल कायदेशीर असावा म्हणून महेंद्र एक दिवस रजा टाकून परिवहन कार्यालयातही जाऊन आला. खिडकीमागच्या बाई अतिशय सौजन्याने वागल्या. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला. "इंजिन बदललं तर रकाना आहे," त्या म्हणाल्या. "रंग बदलला तर आहे. गिअरबॉक्सचा रकाना नाही हो."

"मग परवानगी?"

"रकानाच नाही तर परवानगी कशी देणार?"

"म्हणजे मनाई?"

"मनाईलासुद्धा रकाना लागतो."

त्या दिवसापासून गाडी परवानगी आणि मनाई यांच्या मधल्या जागेत उभी राहिली.

दरम्यान धर्मेश एकदा गॅरेजवर येऊन गेला. पांढरी गाडी जांभळाखाली थांबली, काच सरकली, आतून गार हवेची झुळूक आली. धर्मेश खाली उतरला, लाल गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तिच्या दारावरून बोट फिरवलं आणि वाकून आतल्या स्टिअरिंगकडे बघितलं. महेंद्रच्या मते तो मनात हसत होता.

"दादूस, कशाला तरास करतंस?" धर्मेश शेवटी म्हणाला. "दोन्ही गाऱ्या नेऊ. माजी पुरं, तुजी मागं."

"नवरदेव एकच आहे," महेंद्र म्हणाला. "तो माझ्या गाडीत असेल."

हे त्याने थंडपणे म्हटलं. पण पांढरी गाडी आवाज न करता निघून गेली तेव्हा त्याच्या मनात जे आलं त्याला मत्सर हाच शब्द आहे. ते मऊ सीट, ती गार हवा, साईनाथसुद्धा पाना खाली ठेवून त्या गाडीकडे बघत राहिला होता! महेंद्रला रात्री जेवण गेलं नाही. अंजनीने विचारलं तर म्हणाला, पित्त आहे.

आता गिअरबॉक्सचं बघू. तो बसत नव्हता, म्हणून बसवला. मधला पत्रा कापला, दोन पट्ट्या वेल्डिंग केल्या, एक आडवा दांडा साईनाथने कुठूनशा ट्रॉलीचा आणला. गिअरचा दांडा बाहेर आला तो ड्रायव्हरच्या कोपराच्या मागे, त्यामुळे गिअर टाकताना माणूस पाठ खाजवतो आहे असं दिसायचं. तेही चाललं असतं. पण गिअरबॉक्सचं मागचं तोंड एका उंचीवर आणि मागच्या चाकांच्या धुऱ्याचं तोंड दुसऱ्या उंचीवर. मधला शाफ्ट जोडला जाईना. साईनाथ दोन दिवस गाडीखाली पडून राहिला. तिसऱ्या दिवशी उठला तो चेहरा उजळलेला.

"सायेब, धुराच पालथा घालतो. त्याचं त्वांड बराबर वर येतं."

महेंद्रला कल्पना आवडली. इतकी साधी युक्ती इंग्रजांना सुचली नाही याचं त्याला मनातून बरंही वाटलं. इथे वाचकांपैकी जे जाणते आहेत त्यांनी कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. पोळी उलटली तरी ती पोळीच राहते. गाडीचा धुरा उलटला की चाकं उलटी फिरतात.

हे कळलं गुरुवारी दुपारी. शुक्रवारी हळद, शनिवारी लग्न. गाडी चकचकीत लाल, टप नवा, दिवे पुसलेले. महेंद्र आत बसला, नमस्कार केला, पाठ खाजवल्यासारखा हात मागे नेऊन पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी मागच्या मागे शेडमध्ये गेली आणि पत्र्याला पाठ लावून थांबली. त्याने दुसरा टाकून पाहिला असता, पण मागे जागाच उरली नव्हती.

साईनाथने सगळे गिअर टाकून बघितले. मग बिडी पेटवली.

"चार मागं," तो म्हणाला. "एक पुढं."

"उलट झालं?"

"बराबर उलट."

"नीट कर!"

"दोन दिस लागतील. उद्या हलद ना?" साईनाथने धूर सोडला. "सायेब, वरातीत किती पलवणार? पुढं म्होरं बँड असतो. रिव्हर्सचा गिअर टाका, गाडी पुढं जाईल. माणसाच्या चालीनं जाईल. कोनाला कलणार?"

महेंद्र विचार करत उभा राहिला. गाडी जात होती, नवरदेव बसू शकत होता, मांडव दीड किलोमीटरवर होता. गाडी मामाची असावी एवढीच चाल आहे; ती कुठल्या गिअरमध्ये असावी याबद्दल पूर्वजांनी काही म्हटलेलं नाही. त्याने साईनाथला लग्नाचं आमंत्रण दिलं आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली. शनिवारी सकाळी लाल गाडी ताडपत्री झाकून टेम्पोवरून वांगणीला गेली.

आणि तिथे महेंद्रच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर तास उगवला. काशीच्या दारात ताडपत्री निघाली आणि पांढऱ्या गाडीभोवतीची सगळी माणसं तिला सोडून लाल गाडीभोवती आली. फोनवर फोन निघाले. नवरीकडची पाहुणेमंडळी चौकशी करू लागली, "कुठली कंपनी?" महेंद्र फक्त हसे. लग्नात धवले, म्हणजे मंगलगाणी, गाणाऱ्या बनूबाई, ज्यांच्याशिवाय वांगणीत लग्न लागत नाही, त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं. काशी भावाचा दंड धरून म्हणाली, "दादूस, बाबांची गारी! अल्पेश हिच्यातच जाणार." महेंद्रने चोरून धर्मेशकडे पाहिलं. धर्मेश आपल्या बटणाच्या छपराखाली एकटा उभा होता आणि त्याचा चेहरा पडलेला होता. महेंद्रला त्या चेहऱ्याकडे पुनःपुन्हा बघावंसं वाटलं, आणि त्याने पाहिलंही.

वरातीची रांग लागली. पुढे बँड, मग लाल गाडी, तिच्या पाठीला नाक लावून पांढरी गाडी. अल्पेशचा फेटा अजून बांधला जात होता. तेवढ्यात धर्मेश जवळ आला.

"दादूस, नवरा बाहेर येईतो मी बसू? जरा पायरीपरयंत चालवतो. दहा पावलं."

"नको," महेंद्र म्हणाला.

"दहा पावलं रं."

"जुनी गाडी आहे. गिअर... जरा वेगळे आहेत."

"बसू दे ना दादूस," मागून काशी म्हणाली. "त्याचीपन हौस. तोपन मामाच ना?"

सगळे बघत होते. गिअर कसे वेगळे ते सांगायचं तर पालथ्या धुऱ्यापासून सांगावं लागलं असतं, आणि ते नवरीच्या काकांपुढे! महेंद्रने किल्ली दिली. मनात म्हणाला, सुरू करील तेव्हा हळूच सांगू.

धर्मेश आत बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि क्षणभर डोळे मिटले. मग दांडा शोधला आणि जगातला कुठलाही शहाणा ड्रायव्हर जे करील तेच केलं: पहिला टाकला.

महेंद्रला तीन सेकंदं मिळाली. पहिल्या सेकंदात त्याने तोंड उघडलं. दुसऱ्यात त्याची नजर लाल गाडीच्या मागे उभ्या असलेल्या पांढऱ्याशुभ्र, उंच, गार हवेच्या गाडीवर गेली. तिसऱ्या सेकंदात त्याचं तोंड मिटलं. कुणी मिटवलं नाही, आपोआप मिटलं असं तो स्वतःला अजून सांगतो.

लाल गाडीचा मागचा बंपर जुन्या काळच्या लोखंडाचा होता. पांढऱ्या गाडीचं नाक आजकालचं होतं. मोठा आवाज झाला, मग फस्स झालं आणि पांढऱ्या गाडीच्या पोटातलं पाणी काशीच्या रांगोळीवरून वाहू लागलं. धर्मेशने घाबरून दांडा चारही दिशांना हिसडला. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. बँड आपोआप थांबला.

"मी पयलाच टाकला व्हता!" धर्मेश ओरडला. "दादूस, देवाशपथ, पयलाच!"

"पहिला टाकल्यावर गाडी मागे कशी जाईल?" नवरीचे काका म्हणाले. याचं उत्तर साईनाथजवळ होतं, पण तो शपथेला जागला. "व्हतं असं," तो म्हणाला. "जुन्या गाडीला हाताची सवय लागतं." मग तो गाडीखाली सरकला आणि वर येऊन महेंद्रच्या कानात बोलला, "पुढं जायाचा गिअर मेला. आता निसती मागं जाईल."

पांढरी गाडी जागची हलत नव्हती. नवरदेव पायरीवर येऊन उभा राहिला होता. मुहूर्ताला पाऊण तास होता. आणि धर्मेश, पस्तीस गुंठे विकलेला धर्मेश, गळ्यातल्या जाड साखळीसकट ओट्यावर बसून रडत होता. महेंद्र त्याच्याजवळ गेला. आपल्या गाडीसाठी रडतो आहे अशी त्याची समजूत होती.

"काकांची गारी मी मोरली," धर्मेश म्हणाला.

"असू दे."

"तुना ठावं नाय. साहेबाचे बंगल्यावर काका तुना मांडीवर बसवून चालवायचा. मी फाटकाला लटकून बगायचू. मी बोल्लू, काका मना? तो बोल्ला, उद्या. तो उद्या कवाच आला नाय. यवरी मोठी गारी घेतली, शोरूममदी किल्ली हातात आली, तवापन मना तीच मांडी आठवली. आज बसलू, आन ही माती खाल्ली. चूक माजीच हाय, दादूस. माफ कर."

महेंद्रला लाज वाटली, अगदी तळपायापर्यंत वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या खालून आणखी काहीतरी वर येत होतं आणि ते सुख होतं. चाळीस वर्षं कुणीतरी आपल्यावर जळत होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता! आधी कळलं असतं तर ही सगळी वर्षं किती मजेत गेली असती.

"धर्मेश, तुझी चूक नाही," तो म्हणाला. "ती गाडीच..." इथपर्यंत वाक्य आलं. पुढे ती तीन सेकंदं होती. वाक्य तिथेच थांबलं. "ऊठ," तो म्हणाला. "गाडी मागेच नेऊ. मला मागचं दिसायचं नाही. कोणीतरी दाखवणारा पाहिजे."

लाल गाडी ढकलून वळवली, तिची पाठ मांडवाकडे केली. आता प्रश्न नवरदेवाचा. "नवरीचे दारी पाठ दावून जातंत का कोन?" बनूबाई कडाडल्या. तेव्हा अल्पेश डाव्या सीटवर उलटा उभा राहिला, तोंड मांडवाकडे, हात दुमडलेल्या टपाच्या दांडीवर. फेटा, मुंडावळ्या, तलवार. दिसत होता एखाद्या राजासारखा. महेंद्रने स्टिअरिंग धरलं, उजव्या खांद्यावरून मान वळवता येईल तेवढी वळवली आणि पहिला गिअर टाकला.

दीड किलोमीटर. पुढे बँड, बँडच्या मागे, गाडीच्या तोंडी, म्हणजे गाडीच्या पाठीशी, धर्मेश. तो उलट्या पावलांनी चालत होता. एक हात हवेत, दुसऱ्या हाताने डिकीवर थाप. "आन दे! आन दे! जरा डावी मार! आन दे, आन दे, बास! आन दे!" बँडवाल्यांनी दोनशे पावलांतच तो ठेका उचलला. मग करवल्या ओरडू लागल्या, "आन दे, आन दे!" गॅलऱ्यांतून लोक ओरडू लागले. बनूबाईंनी तिथल्या तिथे धवला जुळवला:

"मामाची गारी जातं मागं गो,
नवरा जातं पुरं,
दादूस दावी वाट गो,
नवरी हासं दारी."

नवरी खरोखरच हसत होती. मुहूर्त साधला. गाडी मामाची होती, पाट पहिला महेंद्रचा लागला, सगळं चालीप्रमाणे झालं. फक्त महेंद्रची मान पुढे नऊ दिवस उजवीकडेच राहिली आणि स्टोअरमध्ये जो माल मागायला येई त्याला तिकडून यावं लागलं.

त्या वरातीचा व्हिडिओ अंबरनाथपासून कर्जतपर्यंत फिरला. समोरून काढलेला आहे. मध्यभागी धर्मेश, हात उंच, घाम आणि साखळी चमकते आहे. त्याच्यामागे राजासारखा अल्पेश. लोक धर्मेशला रस्त्यात ओळखतात, "आन दे मामा" म्हणून हाक मारतात. बदलापुरात एका दुकानाच्या उद्‌घाटनाला त्याला बोलावलं होतं. पांढरी गाडी दुरुस्त होऊन आली, पण रविवारी तो ती घरी ठेवतो आणि अंबरनाथला येतो. साईनाथने शाफ्टची वेगळी जोडणी करून धुरा सुलटा केलाय, लाल गाडी आता पुढे जाते, आणि धर्मेशला तिच्यात फेरी हवी असते. वाटेत भेटेल त्याला तो प्रामाणिकपणे सांगतो, "त्या दिशी मीच ठोकली व्हती. दादूस यक शबूद बोल्ला नाय. यवरा मोठा मानूस." महेंद्र तेव्हा खिडकीतून बाहेर बघतो.

काशीने त्या व्हिडिओतला एक फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला आहे. दिवाळीला महेंद्र आणि अंजनी गेले तेव्हा नवरीकडची कुणी बाई तो बघत उभी होती.

"हे मामा ना?" तिने धर्मेशवर बोट ठेवलं.

"हाव, यो धर्मेशदादूस," काशी म्हणाली.

"आणि गाडी कोण चालवत होतं?"

काशीने नखाने एक जागा दाखवली. अल्पेशच्या शेरवानीच्या आणि झेंडूच्या माळेच्या मधून एक उजवा कान दिसत होता.

महेंद्रला पुष्कळ बोलायचं होतं. गाडी माझी, वडील माझे, गिअरबॉक्स मी मांडीवर घेऊन आणला, मान माझी वाकडी झाली, आणि मध्यभागी हा? सगळं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याची सुरुवात कुठून करायची ते त्याला माहीत होतं, आणि तिथून सुरुवात करायची त्याची छाती नव्हती. त्याने चहाचा कप उचलला.

अंजनी फोटोजवळ गेली, पदराने काच पुसली आणि बराच वेळ बघून म्हणाली, "कान बाकी छान आलाय तुमचा."